एका एक्झिक्युटिव्ह बॅचलरचं कुटुंब

सदर व्यक्तीचे वर्णन येणेप्रमाणे. नाव: नंदकुमार वसंत गायधनी. मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम अल मन्सूरा, दोहा. वय: पन्नाशी ओलांडलेले. बांधा: मध्यम, बसून बसून पुढे आलेला. हुद्दा: वरिष्ठ विश्लेषक, व्याख्या विभाग, नियोजित सरकारी आरोग्य विमा बाजार. ओळखीची खूण: समोरचा बोलत असताना त्याच्या वाक्यातली पळवाट शोधणे. वैवाहिक स्थिती: विवाहित. निवासाची स्थिती: एक्झिक्युटिव्ह बॅचलर. सोबतचे कुटुंबीय: निरंक.

शेवटच्या तीन नोंदी एकमेकींशी भांडतात असं नवख्याला वाटेल. तसं नाही. आखातात बॅचलर या शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. ज्याची बायको या भूमीवर नाही तो बॅचलर. गळ्यात टाय असेल तर एक्झिक्युटिव्ह. घरभाड्याच्या जाहिरातींत माणसांच्या ‘फक्त फॅमिली’ आणि ‘फक्त एक्झिक्युटिव्ह बॅचलर’ अशा दोनच जाती असतात, आणि दुसऱ्या जातीत आजोबा झालेलेही पुष्कळ सापडतात. नंदूबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा नसरुद्दीन दापोलीकडचा. हमद पोर्टवर कंटेनर उतरवून घेण्याच्या कामावर होता. नवा माणूस भेटला की तो स्वतःची ओळख करून द्यायचा, “मला चार पोरं. थोरलीचं लग्न ठरतंय. बाकी मी बॅचलर.”

नंदूची बायको नीता नाशिकला होती. भूगोलाची शिक्षिका. हाताच्या बोटांना संधिवात झाला आणि खडू धरवेना, तेव्हा तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. दर महिन्याला एक इंजेक्शन, मध्ये मध्ये रक्ताच्या तपासण्या, सकाळी बोटं मिटायला तासभर. बाकी तब्येत उत्तम.

नंदूने नाशिकमध्येच एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात वीसेक वर्षं काढली होती. त्या खात्यात येणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं असतं, पण तो आभार मानून परत जाईल अशा भाषेत. ‘पूर्वविकार’ हा शब्द नंदूने इतक्या वेळा लिहिला होता की घरी कुणी शिंकलं तरी तो म्हणे, हे आधीपासून आहे का? अनयचं, म्हणजे मुलाचं, परदेशातलं शिक्षण ठरलं त्या वर्षी दोह्याच्या नोकरीची जाहिरात आली. विमा कंपन्या नकार कसा देतात हे आतून ठाऊक असलेला माणूस त्यांना हवा होता. नंदूची निवड व्हायला वेळ लागला नाही.

यायचं ठरलं ते दोघांनी मिळून. मग नव्या नोकरीच्या विमा कंपनीकडून कळवण्यात आलं की श्रीमती नीता गायधनी यांना संरक्षण देण्यास हरकत नाही, फक्त संधिवात व त्यापासून उद्भवणाऱ्या बाबी वगळून. नीताला संधिवाताशिवाय काहीच नव्हतं. म्हणजे ते नीताला वगळून नीताला घ्यायला तयार होते. नंदूला ते वाक्य आवडलं. सुबक होतं. असली वाक्यं त्याने स्वतः लिहिली होती, पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायची ही पहिलीच वेळ.

इंजेक्शन इथे पदरमोड करून घ्यायचं तर नोकरी करण्यात अर्थ नव्हता. तेव्हा नंदू एकटाच आला.

“महिनाभर तरी येऊन जा,” तो शुक्रवारी सकाळी फोनवर म्हणायचा. शुक्रवार ही इथली सुट्टी.

“आणि मग?”

“मग परत.”

“पाहुणी म्हणून नवऱ्याच्या घरी मी येणार नाही हो. यायचं तर राहायला. नाहीतर तुम्ही येताच की वर्षातून एकदा. तुम्ही व्हा पाहुणे.”

“मी माझ्याच घरी पाहुणा?”

“मागच्या खेपेला चहाची साखर कुठे आहे म्हणून विचारलंत. घरचा माणूस असं विचारतो का?”

नंदूला या वाक्यात पळवाट सापडली नाही.

विमा बाजाराची कल्पना तशी साधी होती. वर्ल्ड कप येतोय. त्याआधी इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा असावा आणि तो सरकारी खिडकीवर मिळावा. खाजगी कंपन्यांनी आपापल्या योजना तिथे मांडाव्यात, भाव उघड असावेत, माणसाने तुलना करावी आणि घ्यावा. ज्या शहरात काल होता तो रस्ता आज नसायचा आणि महिन्याने त्याच जागी पूल असायचा, तिथे हे काही अवघड वाटत नव्हतं. दुपारी उन्हातून बसने जाताना नंदूला अर्धवट स्टेडियमं दिसायची, आणि त्याला वाटायचं, आपलंही एक त्यातलंच. फक्त कागदाचं.

पहिला हंगाम नावावर गेला. अरबीत बाजाराला सूक म्हणतात. मसुद्याचं अरबी करणारा महमूद अलेक्झांड्रियाचा, त्याने हरकत घेतली. “मिस्टर नंदू, सूक म्हटलं की खजूर आणि घासाघीस आली. लोक येऊन विचारतील, हृदयविकार कसा दिला?” मग मंच, दालन, व्यासपीठ असे शब्द समितीपुढे गेले आणि शेवटी सूकच राहिलं, कारण बाकीच्या शब्दांना प्रत्येकी एका सदस्याचा विरोध होता आणि सूकला सर्वांचा, त्यामुळे ते कुणाच्या बाजूचं ठरत नव्हतं.

नीताला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आजारपणाचा बाजार मांडलाय म्हणा.”

“सरकारी आहे.”

“तेच म्हणते.”

नंदूकडे व्याख्या होत्या. ‘रहिवासी’ म्हणजे कोण, ‘तातडीचा उपचार’ म्हणजे काय, आणि सगळ्यात अवघड, ‘कुटुंब’. त्यावर समितीत महिनाभर खल झाला. मुलगा किती वयापर्यंत कुटुंबात, मुलगी किती, सासू कधीपासून. नंदू बैठकीत टिपणं काढत असे. त्याचे वडील वसंतराव जुन्या वळणाचे. ते ‘आमचं कुटुंब’ म्हणत तेव्हा त्यांना फक्त बायको म्हणायचं असे. ‘कुटुंबाला बरं नाही’ म्हणजे नंदूच्या आईला ताप. मुलं, सासवा, वयोमर्यादा हे सगळं त्या शब्दाच्या बाहेर. त्या हिशेबाने घरभाड्याच्या जाहिरातींत काही चूक नव्हती. बायको इथे नाही म्हणजे कुटुंब नाही, आणि कुटुंब नाही तो बॅचलर. हे त्याने बैठकीत मांडलं नाही. मांडण्यासारखं नव्हतं.

त्याने जे मांडलं ते कलम चौदा. आधीपासून असलेल्या आजाराच्या कारणावरून कोणत्याही रहिवाशास अथवा त्याच्या कुटुंबीयास विमा नाकारता येणार नाही, तसेच असा आजार वगळून विमा देता येणार नाही. दुसरा अर्धा त्याने नंतर घातला. पहिल्या अर्ध्यातून कंपन्या कशा निसटतील हे त्याला दिसत होतं, कारण तोच एकेकाळी तिथून निसटत असे. मसुदा तयार झाल्यावर तो दोन दिवस त्या वाक्याभोवती फिरला. सगळ्या बाजूंनी बंद होतं. मग त्याने मराठी करून ते नीताला वाचून दाखवलं.

तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “पुन्हा वाचा.”

त्याने वाचलं.

“‘तसेच’पासून पुन्हा.”

नवराबायकोत गोड बोलण्याचे प्रकार असतात. या दोघांत हा होता.

मसुदा तांत्रिक समितीकडे गेला, तिथून विधी समितीकडे, तिथून समन्वय समितीकडे. ही समिती पहिल्या दोघींत समन्वय साधण्यासाठी नेमलेली होती आणि निःपक्षपाती राहावं म्हणून दोघींशीही बोलत नसे. प्रत्येक ठिकाणी कलम चौदाच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह पडायचं, आणि नंदू स्पष्टीकरण जोडून ते खोडवून आणायचा. नाशिकच्या खात्यात तो लोकांच्या अर्जांवर अशीच चिन्हं काढत असे. खोडायला किती दिवस लागतात याची तेव्हा त्याला कल्पना नव्हती.

याच काळात त्याने घरं बघायला सुरुवात केली. अजून घेता येणार नव्हतं, पण बघायला मंजुरी लागत नाही. घर बघायची त्याची पद्धत दलालाला उमगली नाही. नंदू हॉलमध्ये थांबत नसे, गच्चीकडे बघत नसे. सरळ मोरीत जाऊन नळापुढे उभा राहायचा. गोल मुठीचा नळ असेल तर परत फिरायचा. दांडीचा असेल तर मनगटाने, मूठ न वळवता, उघडून बंद करून बघायचा.

दलाल केरळचा, चिकाटीचा. “सर, मॅडमला कसला व्ह्यू पाहिजे?”

“नळ पाहिजे.”

“व्ह्यू सर, व्ह्यू. खिडकीतून.”

“खिडकीची कडी कशी आहे ते बघू.”

मग दारांच्या मुठी, गॅसची बटणं, कपाटाच्या खुंट्या. नीताचे हात डोळ्यांपुढे धरून नंदू दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांतून फिरायचा आणि जिथे ते हात अडतील तिथे दार ओढून घ्यायचा. नसरुद्दीन एकदा सोबत गेला होता. परत येताना तो म्हणाला, “गायधनी, माझ्या बायकोचे हात धडधाकट आहेत. पण तिला कुठला नळ आवडतो, अल्लाशप्पथ सांगतो, मला नाही माहीत.” त्यानंतर तो घरं बघायला आला नाही.

शेवटी एक घर मिळालं. लिफ्ट होती, सगळे नळ दांडीचे. दलालाला त्याने आणखी थोडं थांबायला सांगितलं.

सर्वोच्च परिषदेपुढे प्रकल्प गेला तो एका गुरुवारी. गुरुवार इथे आठवड्याचा शेवटचा दिवस. संचालक, इथलेच, अतिशय सभ्य गृहस्थ, फाइल घेऊन सकाळी गेले आणि दुपारी आले. टेबलांच्या रांगेतून जाताना त्यांनी सगळ्यांकडे बघून हात वर केला आणि हसून म्हणाले, “खलास.” मग ते कुटुंबासह वाळवंटातल्या तंबूवर गेले, रविवारपर्यंत.

महमूदने पहिली आरोळी ठोकली. खलास म्हणजे झालं, उरकलं, तडीस गेलं. दुकानदार हिशेब मिटल्यावर म्हणतो, टॅक्सीवाला पोचल्यावर म्हणतो. खालच्या बेकरीतून बसबूसा, म्हणजे रव्याचा गोड केक, आला. नंदूने तुकडा हातात धरूनच नाशिकला फोन लावला.

“नीता, झालं. खलास.”

“अरे देवा. कोण?”

“कुणी नाही. अगं, प्रकल्प. इथे खलास म्हणजे काम फत्ते.”

“आपल्याकडे खलास म्हणजे संपलं.”

“तो आपल्याकडचा अर्थ.”

“शब्द एकच ना पण? तिकडूनच आला असेल आपल्याकडे.”

“आला असेल. वाटेत बिघडला.”

“संचालक हे म्हणाले तेव्हा चेहरा कसा होता त्यांचा?”

“हसत होते.”

“आमची तुकडी बंद केली तेव्हा हेडमास्तरसुद्धा हसतच सांगायला आले होते.”

“तू ना, भूगोलच बघ.”

“बरं,” ती म्हणाली. “अभिनंदन हं.”

संध्याकाळी नंदूने नसरुद्दीनलाही विचारलं, केवळ माहिती म्हणून. नसरुद्दीन कांदा चिरत होता. “आयुष्य गेलं हा शब्द ऐकण्यात. चहा झाला तरी खलास, माणूस गेला तरी खलास. कुठला ते लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी कळतं.”

दुसरा दिवस शुक्रवार होता, कचेरी बंद. नंदूने दलालाला होकार दिला. मग नीताला फोन करून घर सांगायला घेतलं, दारापासून. स्वयंपाकघरातला नळ, मोरीतला नळ, गॅलरीतला छोटा नळ, तोही दांडीचा. ती हुं हुं करत होती. मध्येच तिने विचारलं, “मोठी खिडकी कुठल्या दिशेला?”

“पूर्वेला. समुद्र मात्र दिसत नाही.”

“अगदी पूर्वेला?”

“थोडी उजवीकडे कललेली आहे इमारत.”

“पूर्व, जरा आग्नेय.” तिच्या डोक्यात नकाशा कायमचाच उघडा असायचा. “म्हणजे सरळ नाशिककडे.”

“बघ. घरबसल्या नाशिक.”

“मी तिथे आल्यावर नाशिककडे बघून काय करू? इथे कोण असणार आहे?” आणि मग हळू आवाजात, “तोवर तुम्ही बघा.”

रविवारी सकाळी संचालकांनी सर्वांना बोलावलं, कॉफी दिली, खजूर दिले आणि सांगितलं. परिषदेने प्रकल्पाचं मनापासून कौतुक केलं. खाजगी कंपन्या आहेतच; सरकारने स्वतः बाजार चालवण्याची तूर्त आवश्यकता दिसत नाही. गुरुवारी सांगितलंच होतं.

खलासचा नाशिकचा अर्थ बरोबर निघाला.

“आणि कलम चौदा?” नंदूने विचारलं.

“चौदा सगळ्यांना फार आवडलं,” संचालक म्हणाले, आणि ते खरं बोलत होते. “परिषदेत वाचून दाखवलं गेलं. म्हणाले, भाषा सुंदर आहे.”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नंदू जिन्यात उभा राहून नीताशी बोलला. सांगायला फार नव्हतं.

“मला गुरुवारीच वाटलं होतं,” ती म्हणाली.

“मग शुक्रवारी बोलली का नाहीस? तासभर बोलत होतो मी.”

“तुम्ही नळांबद्दल सांगत होता ना,” ती म्हणाली. “आपलं घर इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, ऐकून तर घेऊ.”

दलालाने ते घर एका फॅमिलीला दिलं. काही दिवसांनी मेट्रो सुरू झाली आणि अल मन्सूराला स्टेशन आलं. मग साथ आली, आणि जगातले सगळेच आपापल्या जागी बॅचलर झाले. त्या काळात नंदूची वर्षातली एक खेपही हुकली. नीताची इंजेक्शनं चालू राहिली. अनयला नोकरी लागली, म्हणजे नंदूने इथे राहण्याचं मूळ कारण संपलं. पण परत जायचं तर पन्नाशीनंतर कोण घेतो, असं तो म्हणायचा आणि तीही म्हणायची. दोघंही हे वाक्य पूर्ण करत नसत.

वर्ल्ड कपच्या वर्षी नंदूला दुसऱ्या कामावर घेतलं. बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आरोग्याबद्दल माहितीचं एक पान तयार करायचं होतं, आणि व्याख्या नेहमीप्रमाणे त्याच्याकडे. ‘प्रेक्षक’ म्हणजे कोण? त्याला पाठवलेल्या मसुद्यात एका ओळीचं उत्तर होतं: ज्या व्यक्तीकडे सामन्याचं तिकीट आणि प्रवेशाचं कार्ड आहे ती. दुखलंखुपलं तर तातडीचे उपचार मिळतील. नंदूने सवयीने पळवाट शोधली. वयाची अट नव्हती. नात्याची नव्हती. आधीपासूनच्या आजाराचा उल्लेख करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मसुद्यात अशी भर घालणं हेच त्याचं काम होतं. त्याने फक्त एक स्वल्पविराम बदलला आणि पान पुढे पाठवलं.

शुक्रवारी ती ओळ त्याने नीताला वाचून दाखवली.

“म्हणजे बायको म्हणून मी आजारी,” ती म्हणाली, “आणि प्रेक्षक म्हणून ठणठणीत.”

“व्याख्येनुसार.”

“पाहुणी म्हणून येणार नाही म्हणाले होते मी,” नीता म्हणाली. “प्रेक्षक म्हणून येते. सामना कुणाचा आहे?”

“तू म्हणशील त्याचा.”

“मला त्यातलं काय कळतंय. स्वस्तातला घ्या.”

मिळाला तो डेन्मार्क आणि ट्युनिशियाचा. नसरुद्दीनने आपलं अंथरूण गुंडाळलं आणि पोर्टाकडच्या मित्रांकडे निघाला. “वहिनी येतायत म्हणजे आता इथे फॅमिली झाली,” तो म्हणाला, “बॅचलरने थांबू नये.” नीता बर्फाच्या पिशवीत इंजेक्शन घेऊन आली, विमानतळावर कुणी अडवलं नाही. ती फ्लॅटभर फिरली आणि साखर कुठे आहे हे तिने विचारलं नाही, शोधून काढली. त्या फ्लॅटमधले सगळे नळ गोल मुठीचे होते. सकाळी तो उघडायचा आणि ती तोंड धुवायची, आणि झालं म्हणाली की तो बंद करायचा. यात दोघांचाही बराच वेळ जायचा. घाई कुणालाच नव्हती.

स्टेडियमपर्यंत मेट्रो थेट होती. आजूबाजूला लाल शर्टवाले ट्युनिशियाचे लोक, ढोल, पोरं खांद्यावर.

“यातले आपले कोण?” नीताने विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग बरं. निवांत बघता येईल.”

पण तिला निवांत बघता आलं नाही. टाळ्या वाजवणं तिच्या हातांना जमत नाही, म्हणून ती ओरडायला लागली, शेजाऱ्यांच्या बरोबरीने, अरबीत, जे ऐकू येईल ते. नंदूने तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. शाळेतल्या मुलांनी ऐकला असेल. तो सामना सोडून तिच्याकडेच बघत होता. त्याने फार काही गमावलं नाही, कारण दोन्ही बाजूंनी एकही गोल झाला नाही.

डिसेंबरात स्पर्धा संपण्याआधीच ती परत गेली. महिन्याचं इंजेक्शन तिकडे घ्यायचं होतं. विमानतळावर ती म्हणाली, “पुढच्या खेपेला तुम्ही या. साखर फ्रिजवरच्या डब्यात आहे.” आत जाताना तिने मागे वळून बघितलं, दोनदा. नंदू काचेजवळ उभा राहिला, मग सुरक्षारक्षकाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

नियोजित सरकारी आरोग्य विमा बाजाराच्या फाइलवर शेवटचा शेरा आहे तो असा: अतिजोखमीच्या गटातील कुटुंबीयांच्या वास्तव्यामुळे आरोग्यसेवेवर पडणाऱ्या संभाव्य भाराचा सविस्तर अभ्यास झाल्यानंतर कलम चौदाबाबत योग्य वेळी पुनर्विचार करण्यात येईल.

नीता कतारमध्ये होती तेवढ्या काळात तिला एकदाही दवाखान्यात जावं लागलं नाही.